अकरा कागदांतला एक

त्यांचं खरं आडनाव हजेरीपटावर होतं तेवढंच. इस्पितळात सगळे त्यांना काळोखे म्हणत, आणि नव्याने आलेल्या डॉक्टरांना ते खरोखरच काळोखे वाटत. एकतीस वर्षं या माणसाने तळघरातल्या डार्करूममध्ये एक्स-रे धुतले. दुपारी जेवायला बाहेर आले की पायरीवर उभे राहून घुबडासारखे डोळे मिचकावत, आणि नर्सबाया पदराआड हसत. माणूस शिस्तीचा, आणि शिस्तीपेक्षा तिचा तोरा मोठा. "माझ्या हातून एक फिल्म खराब झालेली दाखवा, मिशा उतरवून ठेवीन," असं येता-जाता ऐकवायचे. मिशा शेवटपर्यंत शाबूत राहिल्या, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

फावल्या वेळात त्यांना एक नाद होता. बंद पडलेल्या एका स्टुडिओतून त्यांनी फोटोच्या कागदांची खोकी आणली होती. लाल दिव्यात टेबलावर कागद ठेवायचा, त्यावर किल्ली, पीस, कात्री, जाळी पडलेलं पान, जे हाताला लागेल ते मांडायचं आणि वर टांगलेला पांढरा बल्ब मोजून चार सेकंद लावायचा. मग कागद औषधात बुडवला की उजेड पडलेला भाग काळा होतो आणि वस्तूखाली झाकलेला भाग पांढरा राहतो. ना कॅमेरा, ना भिंग. वस्तूची सावलीच कागदावर उतरते. अशी चित्रं ते मुलांच्या वॉर्डात वाटत, आणि प्लॅस्टरमधली पोरं ती उशाशी ठेवून झोपत.

या कामात त्यांच्या दोन सवयी होत्या. उजेड दिलेल्या कागदाचा कोपरा ते लगेच दुमडत, कारण धुण्याआधी असा कागद आणि कोरा कागद यांत काडीचा फरक दिसत नाही. आणि बल्ब लागला की ते डोळे घट्ट मिटून घेत आणि तसेच सेकंद मोजत. पांढऱ्या उजेडाने डोळे एकदा दिपले की लाल दिव्यात पुन्हा दिसायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ फुकट घालवणं त्यांच्या जिवावर यायचं.

आठ वर्षांपूर्वी एकदा बायको डबा घेऊन आली. ती घरी बसून एका शिंप्याची काजं-बटणं करायची. नुकतंच ते काम तिने सोडलं होतं, डोळे साथ देत नाहीत म्हणून. काळोख्यांनी तिला तत्परतेने चष्मा करून दिला होता आणि चार लोकांत तसं सांगितलंही होतं. त्या दिवशी स्वारी खुशीत होती.

"ये, तुझा हात काढतो," ते म्हणाले. "बोटं पसर. हलायचं नाही हं."

"मी काय लहान आहे?" ती म्हणाली.

तिने कागदावर उजवा हात ठेवला. बल्ब लागला, यांनी डोळे मिटले, चार मोजले, बल्ब विझवला.

"जरासा हलला वाटतं," ती हळूच म्हणाली.

झालं. यांचं डोकंच फिरलं. "चार सेकंद! चार सेकंद हात एका जागी ठेवता येत नाही तुला? अगं, मोडक्या हाडांची माणसं निपचित पडून राहतात वर. एक कागद वाया!"

तिने कालचा रिकामा डबा उचलला आणि पायऱ्या चढून गेली. यांनी तो कागद धुतला नाही, फाडलाही नाही, रागारागाने पाकिटातल्या कोऱ्या कागदांत कोंबला. कोपरा दुमडायचा राहून गेला. आयुष्यात एकदाच राहिला, तो तेव्हा.

चार महिन्यांनी डॉक्टरांनी तिचा हात टेबलावर ठेवायला लावला आणि नुसता बघत राहिले. मग म्हणाले, हा कंप निदान दोन वर्षांचा आहे, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? काळोखे तिथेच बसलेले. दिवसभर लोकांची हाडं न्याहाळणारा माणूस, आणि घरातला हात दोन वर्षं थरथरत होता ते याला दिसलं नाही. मला याचा अजूनही राग येतो. त्यांना स्वतःला तर इतका आला की ते मिटूनच गेले. बायको पुढे तीन वर्षं जगली. 'चुकलं माझं' एवढे दोन शब्द कितीदा ओठांपर्यंत आले आणि चहाच्या घोटाबरोबर परत गेले. तिनेही तो विषय कधी काढला नाही.

काळ्या कागदाचं ते पाकीट वरच्या फळीवर तसंच राहिलं. आत अकरा कागद, त्यांतल्या एकावर तिचा हात. पुढे फिल्म धुवावी न लागणारं एक्स-रे मशीन आलं, काळोखे निवृत्त झाले, पण खोलीची किल्ली ऑफिसने त्यांच्याकडेच राहू दिली. आता मात्र तिथे जुन्या फायली ठेवायच्या ठरल्या आणि निरोप आला: शनिवारी दुपारपर्यंत खोली रिकामी करा.

शनिवारी सकाळी मुलगी मदतीला आली. तिला त्यांनी पायऱ्या उतरता उतरता सगळं सांगून टाकलं.

"आणि इतकी वर्षं धुतला नाहीत?" ती थबकली.

"धीर झाला नाही. हललेला असणार तो. बघितला असता तर माझं ओरडणंच दिसलं असतं त्यात." मग कुलूप काढत म्हणाले, "कागद म्हातारा होतो गं. आतलं चित्र विरत जातं. आज आलं तर आलं. पुन्हा ना ही खोली, ना हा दिवा."

त्यांनी तीन ट्रे मांडले, औषधं कालवली, दार लावलं, लाल दिवा लावला. पहिला कागद औषधात सोडला. दोन मिनिटं दोघं त्याच्याकडे टक लावून बसली. कागद मळकट राखाडी झाला, बाकी काही नाही. दुसरा तसाच. तिसरा, चौथा. पाचव्याला मुलीने विचारलं, "पूर्ण गेलं असेल का हो?" त्यांनी मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही. सहावा कोरा. सातवा कोरा. आठवाही कोरा.

नववा कागद कडेने काळवंडू लागला.

मधे एक फिकट पंजा राहिला. मधल्या बोटाचं टोक बोथट होतं. "अंगुस्तान!" मुलगी म्हणाली. "आईने काढलंच नव्हतं!" काम सोडलं होतं, तरी सुई टोचू नये म्हणून घालायची ती टोपी सवयीने बोटात घातलेली. त्या बोटाच्या आणि सगळ्याच बोटांच्या कडा धुरकट होत्या. हात हलला होता, चांगलाच हलला होता. काळोखे खाली वाकले. मनगटाच्या डावीकडून आणखी काहीतरी पांढरं आत येत होतं, आणि मनगटाच्या दुसऱ्या बाजूला चार लहान टोकं उमटत होती.

"हा दुसरा हात कुणाचा, बाबा? तुमचा?"

"माझा कसा असेल? मी डोळे मिटून मोजत होतो." ते आणखी वाकून बघू लागले. "तिचाच आहे. डावा."

उजेड लागल्याबरोबर यांचे डोळे मिटले ते तिने पाहिलं असणार. तेवढ्या चार सेकंदांत तिने डाव्या हाताने आपलं उजवं मनगट आवळून धरलं होतं, जोर लावून, हलू नये म्हणून, यांचा कागद वाया जाऊ नये म्हणून. तिला कंप ठाऊक होता. डोळ्यांचं तर निमित्त होतं, आणि यांनी चष्मा आणून दिला होता.

"बाबा, काळा पडेल तो."

ते भानावर आले. कागद उचलून दुसऱ्या ट्रेमधून काढला, तिसऱ्यात, चित्र पक्कं करणाऱ्या हायपोत सोडला. पूर्ण दहा मिनिटं ठेवला. त्या दहा मिनिटांत ते स्टुलावर बसून ढसाढसा रडले, आणि मुलगी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग उठून त्यांनी वरचा पांढरा बल्ब लावला. डोळे मिटले नाहीत. पाणी येत होतं, झोंबत होतं, तरी उघडे ठेवले.

कागद नळाखालच्या ट्रेमध्ये ठेवला. धारेने तो सारखा वर येऊन थरथरत होता. काळोख्यांनी बाह्या सारल्या, पाण्यात हात घातला आणि तिच्या मनगटाशी, त्या चार टोकांवर, आपला पंजा ठेवून तो दाबून धरला.

"सोड आता तू," ते म्हणाले. "मी धरलाय."