चाळीची जाळी

"नाय निवृत्तीभाऊ, कुलूप उघडणार नाय. तुमाला बघायला दिलंय, हात लावायला नाय. जरा दम धरा."

"ताई, दम मी धरीन, द्राक्षं धरतील का? उन्हात टेम्पोंची रांग लागलीय, अन् तुमचा स्क्रीन म्हणतो एकबी प्लॉट पास नाय!"

निवृत्ती पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसच्या, म्हणजे परदेशी जाणारी द्राक्षं पेट्यांत भरतात तिथल्या, गेटावरचा माणूस. अन् त्याला नाय म्हणणारी उज्वला गंगापूर रोडच्या एका लहानशा कंपनीत प्रोग्राम लिहिते. मूळची देवळ्याकडची, घरी कांदा. शहरात येऊन तिनं 'नाय'चं 'नाही' केलं नाही, अन् कुणी हसलं तर त्याला दुप्पट ऐकवलं.

तपासणीत पास झालेल्या द्राक्षबागांचे नंबर एका सेटमधे, म्हणजे प्रोग्राममधल्या यादीत, असतात. तो सेट तपासणीवाल्यांच्या ताब्यात. गेटाला तिनं नुसता बघायपुरता दिलेला. तिथून कुणी नंबर घालायला-काढायला गेलं की प्रोग्राम सरळ अंगावर येतो, चूक दाखवून थांबतो; हेच ते कुलूप. नव्या पोरांना ती सांगते, "कांदा साठवायच्या चाळीला जाळी असती ना? भायेरून दिसतो, काढता येत नाय. पण मालकानं आतून चार पाट्या उचलल्या, तर भायेरूनबी ढीग कमीच दिसणार. जाळी म्हंजे फोटो नव्हं."

शेजारच्या खुर्चीवरचा दिनेश घामाघूम झाला होता. "उज्वला, आजच्या दिवस घालू दे ना त्यांना नंबर. गिऱ्हाईक गेलं तर दोघं घरी बसू."

"अन् नापास माल घुसून अख्खा कंटेनर माघारी आला, मग? तू जाशील परदेशात समजूत घालायला? पासपोर्ट हाय का?"

बोलता बोलता तिला घोळ सापडला. दिनेशनंच लिहिलं होतं: नवे नंबर आले की सेट आधी पार रिकामा करायचा, मग भरायचा. आज रिकामा झाला अन् भरायच्या आत नेट गेलं.

"चाळ झाडायला सगळा कांदा काढलास, अन् नवा माल आणणारा ट्रॅक्टर वाटेतच बंद पडला!"

"मग नवा सेट बनवून त्याच्या जागी ठेवू."

"ठेव. पण गेटाची जाळी जुन्या चाळीला ठोकलीय. नवी चाळ त्यांना दिसणार कशी?"

तेवढ्यात नेट परत आलं.

तिनं नवे नंबर आधी बाजूला पुरते उतरवून घेतले, मग त्याच जुन्या सेटात भरले. पुढच्या वेळेसाठी प्रोग्रामही बदलला: सेट रिकामा करायचाच नाही. बाद झालेले तेवढे आधी काढायचे, नवे तेवढे मग घालायचे. गेटाचं कुलूप होतं तसंच.

निवृत्तीचा फोन आला. आवाज खुललेला. "दिसाया लागलं ताई! खंडेराव तात्यांचा टेम्पो घेतला आत. पण मागच्याचा नंबर नाय दिसत. काल होता म्हणतो. मघाशी कुलूप उघडलं असतं तर मी तोच आधी घालणार होतो, लय गळ्यात पडलाय माझ्या."

उज्वलानं पाहिलं. "आज बाद झालाय. फेरतपासणीत फवारलेल्या औषधाचा अंश जास्त निघाला. त्याला भायेरच ठेवा."

पलीकडं निवृत्तीनं हाळी देऊन मागचा टेम्पो बाजूला घ्यायला लावला. मग "बरं झालं बाई" म्हणाला अन् फोन ठेवून दिला.

दिनेशनं चहा मागवला. उज्वलानं कप बाजूला सरकवला.

"चहा पळून जात नाय. मी चाचणीच्या सेटात नंबर भरते, तू मधेच ती नेटची वायर उपट. बघू, नेट अर्ध्यात गेलं तर नव्या प्रोग्रामचं काय व्हतंय."

दिनेश टेबलाखाली वाकला, अन् तिची बोटं पुन्हा कीबोर्डवर चालू झाली.