फोबियाचा उभा तास

दारात चपला साठाव्यात तसे आमच्या क्लासमध्ये किस्से साठतात. लातूरच्या या क्लासमध्ये मी इंग्रजी शिकवते, पण क्लास मोठ्या सरांचा. "शब्दाचं शेपूट धरा, पन्नास शब्द हाती येतात!" हा त्यांचा सिद्धांत. या महिन्याचं शेपूट होतं फोबिया, म्हणजे भीती.

पद्धत अशी: सगळा वर्ग उभा. सर शब्द टाकणार, मी कागदावरून अर्थ तपासणार, बरोबर सांगेल तो बसणार. शेवटी जो उभा राहील त्याच्या वडिलांना तिथेच फोन. स्पीकरवर, सगळ्यांसमोर! आणि शिकवतोय काय, तर भीती!

*

"हायड्रोफोबिया?"

"पाण्याची भीती," अहमदपूरचा विशाल म्हणाला. बसता बसता पुटपुटला, "पण सर, आमच्या खोलीवर नळ आठ-आठ दिवस येत न्हाई. पाणी न येण्याची भीती कुठल्या शेपटात बसती?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. विशाल पुन्हा उभा!

*

"सिस्मोफोबिया?"

"भूकंपाची भीती," किल्लारीची एक मुलगी म्हणाली. "आमचे आबा अजून अंगणातच झोपतात, सर. छताखाली येतच न्हाईत."



"परीक्षेला आबा येणार नाहीत," सर म्हणाले. "नुसता अर्थ सांगायचा. पुढं!"

*

माझं डोकं सटकलं. तास संपल्यावर मी सरांना गाठलं. "सर, हे फोन बंद करा. पोरं रात्रंदिवस धसका घेऊन राहिलीत."

"मॅडम, तुमच्या जन्माच्या आधीपासून शिकवून राहिलो मी. भीती असली की पाठांतर होतं."

"त्या फोनच्या भीतीलाही काहीतरी फोबिया म्हणत असतील ना?"

सरांनी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. "लिस्टमध्ये नाही."

*

हिमायतनगरची संगीता पहिल्यांदा शेवटपर्यंत उभी राहिली, तेव्हा तिच्या वडिलांचा आवाज वर्गभर घुमला. "जमत न्हाई म्हणती का? बरं. आणखी एक फोन आला की घेऊन जातो तिला. तसंही एक स्थळ येऊन राहिलंय."

त्या दिवसापासून पोरगी मेसचं ताटही शब्द घोकत संपवायची. मला म्हणाली, "मॅडम, बसलेली असली की सगळं येतं. उभं केलं की पार कोरं!"

*

गेल्या शनिवारी तेच झालं. सगळे बसले, संगीता उभी.

"ट्रिस्काइडेकाफोबिया?"

तिचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. सरांनी नंबर लावला. मी "सर, थांबा" म्हणेपर्यंत स्पीकरवर आवाज आला.

"हॅलो. बोला सर."

"तुमच्या मुलीला आजही शब्द आला नाही."

"कोणता?"

सरांनी सांगितला. संगीतानं बाकाची कड घट्ट धरली.

"लई लांब हाय. अर्थ काय त्याचा?"

सरांच्या कागदावर नुसते शब्द असतात, अर्थांचा कागद माझ्याकडे. त्यावर लिहिलं होतं, तेरा या आकड्याची भीती. त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

"हॅलो? सर, तुमाला तरी येतो का?"

"तो... कागद मॅडमकडे आहे."

"म्हंजे तुमाला बी न्हाई येत. मग आसं करा सर, तुमच्या वडलांचा नंबर सांगा."