कमलच्या चेहऱ्यावरचा पॅक

शारदोत्सवातल्या नाटकाला तीन आठवडे उरले असताना, एका सोमवारी सकाळी माझ्या चेहऱ्याची डावी बाजू हलेनाशी झाली. चूळ भरताना पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून गळलं. डावा डोळा मिटत नव्हता.

वणीतल्या डॉक्टरांनी दुपारच्या आत निदान केलं: बेल्स पाल्सी. चेहरा हलवणाऱ्या नसेला सूज येते आणि त्या बाजूचे स्नायू काम थांबवतात. त्यांनी मला भुवया उंचवायला सांगितल्या. कपाळावर डावीकडे एकही आठी पडली नाही. मग हातापायांची ताकद पाहिली.

"हा मेंदूचा झटका नाही," ते म्हणाले. "झटक्यात बहुधा कपाळ हलतं. पण हे घरी बसून ठरवायचं नसतं. लगेच आलात, बरं केलं."

तेवढ्यात शोभा दारात आली. आमच्या गल्लीत तिचं ब्युटी पार्लर आहे. आदल्या दिवशी तिने माझं ब्लीच केलं होतं. बातमी कळताच पार्लर बंद करून ती ब्लीचचा डबा घेऊन दवाखान्यात पोचली होती.

"डॉक्टरसाहेब, यातच काही असन. पण काल मीबी लावलं ना! मले तं काहीच नाही झालं."

डॉक्टरांनी डबा वाचून परत दिला. "याचा काही संबंध नाही."

"मंग उघडू मी पार्लर?"

"उघडा."

रक्तातली साखर तपासून स्टेरॉइड, म्हणजे सूज उतरवणाऱ्या गोळ्या, सुरू झाल्या. दिवसा डोळ्यात थेंब, रात्री मलम आणि पापणीवर पट्टी. डोळा उघडा राहून कोरडा पडला तर बुबुळाला इजा होते. ज्यांना हा आजार होईल त्यांनी ही काळजी टाळू नये. बहुतेक रुग्ण बरे होतात, काहींना महिने लागतात, असं डॉक्टर म्हणाले. प्रयोगापर्यंत मी बरी होईन का, ते त्यांना सांगता आलं नाही.

नाटक शोभानेच लिहिलं होतं, पार्लरमध्ये जमणाऱ्या चार मैत्रिणींचं. माझी भूमिका कमलची. कमलचं तोंड कधी बंद होत नाही. ओठ जुळवून निघणारे प, ब, म मला नीट म्हणता येत नव्हते. मंडळाच्या अध्यक्षा वनिताकाकूंनी दुसरी बाई सुचवली.

"दुसरी कायले?" शोभा म्हणाली. "कमलच्या तोंडाले पॅक लावू. पॅक वाळेपर्यंत बोलाचं नाही, हसाचं नाही. पार्लरचा नियमच हाय. तिचं मी बोलते."

"अन् तू चुकीचं बोलली तं?" वनिताकाकूंनी विचारलं.

"तं खुर्चीवर हात आपटन ते. तसंबी माह्यं तिले कधी पटते?"

पॅक डोळ्यापासून दूर ठेवायचा आणि ओढून काढायचा नाही, या अटींवर डॉक्टरांनी परवानगी दिली.

तालमीत मुलतानी मातीचा पॅक रोज उजवीकडे तडकायचा, कारण मला हसू आवरत नसे. डावी बाजू गुळगुळीत राहायची. "हे बाजू पाह्य," शोभा म्हणायची, "परीक्षेवरच्या मास्तरणीवानी बसली हाय."

प्रयोगाला मंडप भरला होता. शोभाने नाटकात नसलेलं एक वाक्य कमलच्या नावावर घुसवलं. "कमल म्हणते, वनिताकाकूच्या पोळीत पुरण शोधाले टॉर्च लागते." वनिताकाकू पहिल्या रांगेत होत्या. मी खुर्चीवर हात आपटले आणि हसले.

शोभा माझ्या चेहऱ्यावर वाकली.

"अवं, इकूनबी तडकला!"

प्रेक्षकांना ते नाटकातलंच वाटलं. सगळ्यात मोठा हशा त्यालाच मिळाला. ओठांच्या डाव्या कोपऱ्यापासून गालावर एक बारीक भेग गेली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. उजवी बाजू ओढली गेल्यानेही डावीकडे भेग पडू शकते, म्हणून त्यांनी माझा उजवा गाल बोटांनी धरून ठेवला आणि हसायला सांगितलं. डावा कोपरा किंचित वर गेला.

डोळा पूर्ण मिटायला आणखी काही आठवडे लागले. दिवाळीनंतर पांढरकवड्याच्या महिला मंडळाने प्रयोग बोलावला. तिथे कमलचे संवाद मी म्हटले. त्यातले अर्धे शोभाने मध्येच तोडले.