माझ्यासाठी सोडलेलं मीठ

मी पुण्याला नर्सिंगला गेले तेव्हा थोरल्या भावाने भैरोबापुढे नारळ फोडला आणि मी पास होईपर्यंत मीठ सोडलं. तळवड्यात घरोघरी त्याचं केवढं कौतुक! मला मात्र नुसता संताप यायचा. परीक्षा माझी आणि अळणी भाकरी हा खाणार.

त्या उन्हाळ्यात तो पिंपरीला एका कारखान्याचा पाया खोदायला जायचा. तापलेला मुरूम, अंगातून घामाच्या धारा आणि त्यावर घागरीने पाणी पिणं. आम्हाला वर्गात नुकतीच पेशी शिकवली होती. पेशीभोवतीच्या पाण्यात मीठ असतं. ते घामातून जाऊन फार कमी झालं की पाणी पेशीत घुसतं आणि पेशी फुगते. बाकीच्या अंगात फुगायला थोडीफार जागा असते, कवटीत ती नसते. मेंदू हाडावर दाबला जातो, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, झटके येतात, जीवही जातो.

सुट्टीत एका दुपारी मी त्याची भाकरी घेऊन कामावर गेले, तर तिथे आरडाओरडा. कधी कुणाला अरे म्हणून न बोललेला माझा भाऊ फावडं गरागरा फिरवत होता. मुकादमाचं कपाळ फुटलं होतं.

"प्यालाय ह्यो! दारूबंदी हाय आन पिऊन येतोय! हाणा!" मुकादम ओरडला.

चौघांनी भावाला खाली पाडलं. टिकावाचे दांडे पाठीवर, मांड्यांवर, तोंडावर, जिथे लागेल तिथे बसत होते. त्याचा दात तुटून मुरुमात पडलेला मी पाहिला. मी मध्ये घुसले, तर एक दांडा माझ्याही खांद्यावर बसला.

"त्यानं थेंब घेतला न्हाई! अंगात मीठ न्हाई त्याच्या! मीठ द्या कुनीतरी!"

लोक मलाच येडी समजू लागले. एकाला दया आली, त्याने पाण्याचा तांब्या भावाच्या तोंडाला लावला. मी तो लाथेने उडवला.

शेवटी एका बाईने शिदोरीतलं खडेमीठ पुढे केलं. ते मी पाण्यात कालवलं, गड्यांना त्याचे हात धरायला लावले, जबडा फाकवला आणि घोट घोट आत सोडलं. त्याने माझं बोट कडकडून चावलं. रक्त आलं, पण मी जबडा सोडला नाही. मग बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरांनी शिरेतून मिठाचं पाणी चढवलं.

संध्याकाळी त्याने डोळे उघडले. फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवली आणि माझ्याकडे बघितलं.

"मीठ घातलंस व्हय मला?"

"घातलं."

तो रडायलाच लागला. "आता तू नापास हुशील गं."

मरता मरता वाचला होता आणि त्याला काळजी माझ्या निकालाची. थोरल्या भावावर हात उचलू नये, हे मला कळत होतं. त्याच्या सुजलेल्या गालावर मी खाडकन एक ठेवून दिली.