नदीकाठचे चार दिवस

माझी श्रद्धा कधीच पक्की नव्हती, हे आधी कबूल करतो. मी दाभोळचा, उभं आयुष्य जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेलं. तिथे देवाची तसबीर असे, पण भरवसा मीटरच्या काट्यावर. निवृत्त होऊन घरी आलो आणि वर्षाच्या आत माझी पत्नी सुनंदा हिची नजर कडेकडेने आक्रसत चालल्याचं निदान झालं. नळीतून पाहावं तसं तिला फक्त समोरचं दिसे. रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले, "औषध नाही यावर. काय बघायचं राहिलं असेल ते बघून घ्या."

परतताना मी तिला विचारलं. वाटलं, काशी म्हणेल. ती म्हणाली, "ती आफ्रिकेतली जनावरं हो. हजारोंनी येतात नि मगरींच्या नदीत उड्या घेतात. तुम्ही त्या बाजूला कितीदा गेलात, मला कधी नेलंत?"

घरी पोहोचताच मी कामाला लागलो. सहलीच्या गाडीत इतरांची घाई असते. हिला तर एक गोष्ट नजरेत धरायलाच वेळ लागायचा. तेव्हा केनियात भाड्याने जीप घ्यायची आणि स्वतः चालवायची, असं ठरवलं. जेवणाच्या टेबलावर महिनोन्महिने नकाशा पसरलेला होता. कुठे डिझेल मिळेल, कुठे तंबू ठोकायचा, पाणी किती, फावडं, दोर, सगळं वहीत टिपलं. एकच रकाना रिकामा राहिला: जनावरं नदी कधी उतरणार? तिथल्या ज्या ज्या माणसाला विचारलं, त्याने एकच कळवलं, ते कोणालाच माहीत नसतं. त्या रिकाम्या रकान्याने माझी झोप उडवली.

सुनंदाच्या आग्रहाने आम्ही ग्रामदेवीला कौल लावला. गुरवाने देवीला कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. तासभर बसलो. होकाराची उजवी कळी पडली नाही, नकाराची डावीही पडली नाही. गुरव हळूच म्हणाला, "आज देवी काय बोलत नाय. तुम्ही आपले जाऊन या." मी मनात म्हटलं, देवीलाही माहीत नाही तर! बाहेर येताना सुनंदाने मात्र शांतपणे हात जोडले.

श्रावणात आम्ही मारा नदीवर पोहोचलो. जवळ चार दिवस होते. पहिल्या दिवशी गाई-घोड्यांच्या मधली वाटणारी ती काळसर जनावरं काठापर्यंत आली, पाणी हुंगलं आणि मागे वळली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर काठावर कुणी फिरकलंच नाही. सुनंदा खिडकीशी नाम घेत बसायची. मी घड्याळ बघत बसायचो.

चौथ्या दिवशी दुपारी परतायचं होतं. सकाळी अभयारण्याच्या फाटकावर कुणीतरी म्हणालं, नदीच्या वरच्या अंगाला कळप जमलाय. मी काठाकाठाने गाडी पिटाळली आणि एका ओहोळात चिखलात रुतलो. जितका जोर लावावा तितकी चाकं खोल जात होती. सिंहांच्या मुलखात खाली उतरण्याची सोय नाही. मी स्टिअरिंगवर मूठ आपटली. "संपलं सगळं. मला जमलं नाही, सुनंदा."

ती म्हणाली, "तुम्हाला जमवायचं होतं हे मला पुरे आहे. आता जरा त्याच्यावर सोडा हो."

आणि मी खरंच सोडलं. शहाणपणाने नव्हे, दमून. इंजिन बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा काही न मागता हात जोडले.

थोड्या वेळाने भाजीपाला नेणारा एक टेम्पो त्या आडवाटेला आला. चालक म्हातारा, केस पांढरे. त्याने आजूबाजूचं गवत नीट न्याहाळलं, उतरून दोर बांधला आणि आम्हाला ओढून उंचवट्यावर काढलं. सुनंदाला तो आदराने 'मामा' म्हणाला. त्यांच्याकडे बाईमाणसाला तसं म्हणतात. ती खुदकन हसली. मी पुन्हा वरच्या अंगाला निघणार, तोच त्याने माझ्या हातावर हात ठेवला. "पोले, पोले," म्हणजे हळू, हळू. मग मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "गाडी बंद. इथेच बसा." मी पैसे पुढे केले, तर मान हलवून निघूनही गेला.

आम्ही बसलो. किती वेळ, ते घड्याळात पाहिलं नाही. समोरच्या काठावर धूळ उठली. एक जनावर थबकलं आणि त्याने उडी घेतली. पाठोपाठ सगळा कडाच जणू पाण्यात कोसळला. हंबरणं, खुरांचा धडधडाट, फेसाळलेलं पाणी! मी ओरडत होतो, "डावीकडे बघ! मगर बघ! तिकडे बघ, झेब्रे!" सुनंदा कुठेच वळत नव्हती. तिची नजर एका जागी खिळली होती. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

शेवटी ती म्हणाली, "चढलं हो! चढलं वरती!"

"कोण?"

"एक वासरू. त्या काठापासून नजरेत धरलं होतं मी त्याला. दोनदा बुडलं. आई काठावर थांबली होती त्याची." तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "मला तेवढंच दिसलं. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसलं."

मी हजारो पाहिली होती. पण ती विचारती, तर त्यातल्या एकाचंही काय झालं हे मला सांगता आलं नसतं.

कुणी म्हणेल, एवढी लांब नदी, जनावरं कुठेतरी उतरणारच होती. मी वाद घालत नाही. तो म्हातारा त्या वाटेला का आला, हेही मला माहीत नाही. आता सुनंदाचं दिसणं आणखी आक्रसलंय. संध्याकाळी खाडीवर जातो तेव्हा ती माझा दंड धरते. पूर्वी मी पुढच्या वर्षी काय होईल याचा हिशेब करत चालायचो. आता ती म्हणते, "होडी कुठवर आली, सांगा." मी सांगतो. तेवढंच मागणं माझ्याकडे आलंय आणि ते पुरं करता येतंय, यासाठी देवाचे उपकार मानतो.