बारा खणांच्या दुकानातली चादर

नोकरीत कितीतरी प्रकरणं हातून गेली, बहुतेकांचे तपशील पुसट झाले. पण बीडच्या पेठेतल्या त्या तांबड्या डागांच्या चादरीचं प्रकरण काल घडल्यासारखं लख्ख आठवतं. निजामी अमलातले दिवस होते. मी बीडच्या ठाण्यावर अमीन होतो. अमीन म्हणजे आजचा फौजदार. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्यांची मुलंनातवंडं आजही जिल्ह्यात आहेत.

पेठेतल्या त्या दुकानाच्या मालकाला सगळे शेठ म्हणत. तरुणपणी ते युसूफ वडगाव या गावाहून तट्टावर कापडाचं गाठोडं लादून आठवडी बाजार करत. पुढे त्यांनी पेठेत एकाला लागून एक असे बारा खण बांधले. एका खणात लुगडी, दुसऱ्यात पितळी भांडी, मग कंदील, छत्र्या, अत्तर, बांगड्या. तोवर लग्नाचा बस्ता बांधायचा म्हणजे सहा दुकानं पालथी घालावी लागत. इथे केजचा शेतकरी सकाळी बैल सोडून आत शिरे आणि दुपारी अख्खं लग्न गाडीत घालून निघे. बायकांना बसायला स्वतंत्र बैठक होती. शंभर लुगडी उलगडली तरी कुणाच्या कपाळाला आठी पडत नसे. गावाला त्या दुकानाचा अभिमान होता.

मग प्लेगची साथ आली. लोक गावाबाहेर झोपड्या घालून राहिले. साथ ओसरल्यावर पेठ नुकती उघडली होती. एका सकाळी गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात कापडाचं ठाण उलगडलं आणि आतून एक पांढरी चादर खाली पडली. तिच्यावर तांबडे डाग होते. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अरं, ही तर प्लेगच्या मढ्यावरची!"

तासाभरात पेठ ओस पडली. दुपारी दुकानावर दगड आले. मी जवान घेऊन पोचलो, दारांना सील ठोकलं. चादर काठीनं टोपलीत ढकलली, टोपली ठाण्याच्या व्हरांड्याच्या कोपऱ्यात ठेवली आणि दहा पावलांवरून पंचनामा लिहिला. वरून हुकूम आला: शुक्रवारी दुकानातला सगळा माल गावाबाहेर नेऊन जाळावा.

शेठ सील केलेल्या दाराच्या पायरीवर बसून असत. मला म्हणाले, "साहेब, दुकान जळू द्या. मी पुन्हा तट्टावर गाठोडं लादीन. पण मेलेल्याचं कापड विकलं, हे नाव घेऊन कुणाच्या दारात जाऊ?"



बुधवारी ठाण्यावर परटीण आली. जवानांचे कपडे धुवायला न्यायचा तिचा वार होता. कपडे गोळा करता करता ती टोपलीपाशी थबकली. जवान ओरडला, "ए बाई, हात लावू नको!" तोवर तिनं चादर उचललीसुद्धा होती.

"अमीनसायेब, हे कुणी म्हनलं रगत हाय म्हून?"

"मग काय आहे?"

"रगत वाळलं की काळं पडतंय. हे तर अजून तांबडंच हाय. म्या रोज अख्ख्या गावाचे डाग बघती. हळदीत चुना कालवलाय कुणीतरी. लिंबू मागवा."

लिंबू आणवलं. तिनं एका डागाच्या कडेला ते चोळलं. तांबडा रंग आमच्यादेखत पिवळा धमक झाला.

मी तिला गप्प राहायला सांगितलं. चादर कुणीतरी मुद्दाम कापडाच्या ठाणात घातली होती आणि कापडाची ठाणं दुकानातल्या माणसांच्याच हाताखाली असत. पिवळा झालेला भाग आत दुमडून मी चादर पुन्हा टोपलीत ठेवली, टोपली आतल्या खोलीत आणून शेजारी एक रिकामी पेटी ठेवली आणि दुकानातल्या आठही नोकरांना बोलावलं. एकेकाला आत घेतलं आणि एवढंच सांगितलं, "ही चादर जाळायच्या मालात जायची आहे. उचल आणि त्या पेटीत ठेव."

पहिल्यानं पाय धरले. दुसरा रडू लागला. एक जण म्हणाला, "फटके मारा, पन ह्याला हात न्हाई लावनार." असे सात जण झाले. आठवा कापडाच्या खणाचा मुख्य माणूस, अठरा वर्षांचा जुना. त्यानं चादर उचलली, सवयीनं झटकली, नीट चौपदरी घडी घातली आणि पेटीत ठेवली.

मी विचारलं, "तुला भीती वाटली नाही?"

त्याचे हात तसेच हवेत राहिले. 

"बाकीचे सात जण जिवाला भ्याले. तू भ्याला नाहीस, कारण हे डाग कशाचे आहेत ते तुला ठाऊक आहे."

तो पेटीपाशीच खाली बसला. "अठरा वरसं म्या त्या खणात उभा हाय, सायेब. गिऱ्हाईक माझं नाव घिऊन यायचं. शेठनं परवा जावयाला आनून गादीवर बसवला अन् मला म्हनले, ह्याच्या हाताखाली काम कर. मला वाटलं, चार दिस दुकान बंद पडंल, शेठला माझी किंमत कळंल. सगळं जाळत्याल असं न्हाई वाटलं."

मारहाण नाही, धाकदपटशा नाही. कबुली पंचांसमोर लिहून घेतली. पण अफवा सगळ्या गावादेखतच मोडायची होती, म्हणून शुक्रवारपर्यंत मी ती बाहेर फोडली नाही.

शुक्रवारी माल न्यायला गाड्या दुकानापुढे लागल्या होत्या आणि सगळं गाव लांब उभं होतं. हुकूम देणारे वरिष्ठही आले होते. मी परटिणीला पुढे बोलावलं. तिनं सर्वांदेखत चादरीवर लिंबू पिळलं, पिवळे झालेले डाग वर करून दाखवले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बघा! ह्याला भिऊन पळालतात तुमी!"

आधी कुणीतरी एक जण हसलं, मग सगळी पेठ हसली. वरिष्ठांनी जागच्या जागी हुकूम मागे घेतला. मी स्वतः सील तोडलं. शेठ आत जायला निघाले, तर गर्दीच त्यांच्या आधी आत शिरली. त्या दिवशी बाराही खणांत उभं राहायला जागा नव्हती. शेठनं परटिणीला बैठकीवर बसवलं आणि जावयाला सांगितलं, "ताईंना सगळी लुगडी दाखवा." तिनं दुपारपर्यंत ती उलगडायला लावली आणि शेवटी एक हिरवं लुगडं पसंत केलं.

त्या नोकराला शिक्षा झाली. शेठनं त्याच्या बाजूनं अर्ज दिला आणि ती कमी झाली. दुकान पुढे बरीच वर्षं जोरात चाललं.

माझ्या कामाची तेव्हा वाहवा झाली. खरं सांगतो, त्या वाहवेची मला लाज वाटली. मी, माझे जवान, वरिष्ठ, आम्ही सगळ्यांनी ती चादर लांबून पाहिली आणि लांबूनच एका माणसाची जन्माची कमाई जाळायला निघालो. जवळ गेली ती फक्त एक बाई. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एकही पंचनामा वस्तू हातात घेतल्याशिवाय लिहिला नाही.