खुब्याच्या वॉर्डातली आया

बायकोच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, त्या बडोद्याच्या वॉर्डात एक आया होती. कोण चालणार, ते डॉक्टर एक्सरे बघून सांगायचे. ही पाय बघायचीच नाही. म्हातारीची वेणी घालताना कानाशी वाकून विचारायची, "केम छो माजी, घरी तुमच्यावाचून काय अडलंय?" उत्तर ऐकून कुणाचा वॉकर खाटेजवळ सरकवायची, कुणाचा घेऊन जायची. तिचं चुकलेलं मी पाहिलं नाही. भीतीच वाटायची बाईची.

बायकोलाही तिनं तेच विचारलं. बायको हसून म्हणाली, "काही नाही गं. ह्यांना आता खिचडी जमते."

आयेनं वॉकर उचलला. मी आडवा आलो. "डॉक्टर म्हणतात, महिन्यात चालेल."

"काका," ती हळूच म्हणाली, "तुम्ही रांधायला शिकलात कशाला?"

बायको त्या खाटेवरून उठली नाही.